कारखान्यातली मशिन्स दुरुस्त करायला आलेल्या माणसानं जगाच्या खिशात गेम घातला

सध्या हातात मावणाऱ्या गेमिंग कॉम्प्युटरची जोरात हवा आहे. स्टीम डेक, आरओजी अलाय, लीजन गो ही नावं तुम्ही यूट्यूबवर ऐकली असतील. अख्खा पीसी दोन हातांत धरायचा, गादीवर आडवं व्हायचं आणि ज्या गेमसाठी टेबल, खुर्ची, मॉनिटर लागायचा तो तिथंच लोळत खेळायचा, असा हा सगळा मामला.

घेताना लोक काय बघतात? प्रोसेसर कुठला, स्क्रीन किती हर्ट्झचा, गेम किती फ्रेमनं पळतो. आणि घेतल्यावर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न शिल्लक राहतो, चार्जर कुठं ठेवलाय?

कारण गणित साधं आहे. २०२२ मध्ये आलेल्या पहिल्या स्टीम डेकमध्ये ४० वॉट-अवरची बॅटरी होती. २०२३ मध्ये आरओजी अलाय आला. प्रोसेसर जास्त तगडा, स्क्रीन जास्त भारी, बॅटरी मात्र तेवढीच, ४० वॉट-अवर. टाकी तेवढीच ठेवून इंजिन मोठं केलं की गाडी पंपावर लवकर जाणारच. पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीनं बॅटरी दुप्पट केली, तर वजनही वाढलं आणि किंमतही.

ताकद घ्यायची की टिकणं घ्यायचं, हा वाद आजचा नाही. हातात धरून खेळायच्या मशिनबाबत हा वाद एकदा १९८९ मध्ये जोरात रंगला होता. तेव्हा एका बाजूला रंगीत, उजळ, ताकदवान मशिन्स होती आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-पिवळसर स्क्रीनचा एक जाडजूड डबा. डबा जिंकला. नुसता जिंकला नाही, समोरच्यांना उभंच राहू दिलं नाही.

त्या डब्याचं नाव गेम बॉय आणि तो ज्यांच्या डोक्यातून आला त्यांचं नाव गुनपेई योकोई.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. क्योटोच्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये गावातल्याच एका कंपनीत नोकरीला लागले. कंपनीचं नाव निंटेंडो.

आता निंटेंडो म्हटलं की मारिओ आठवतो. पण तेव्हा व्हिडिओ गेमचा पत्ताच नव्हता. १८८९ साली सुरू झालेली ही कंपनी पत्ते बनवायची. हानाफुडा म्हणजे जपानी पद्धतीचे, फुलांची चित्रं असलेले ४८ पत्ते. वर्षाचे बारा महिने आणि दर महिन्याच्या फुलाचे चार पत्ते. त्या पत्त्यांच्या कारखान्यातली मशिन्स नीट चालू ठेवायची, बिघडली तर दुरुस्त करायची, हे योकोईंचं काम.

मशिन्स चांगली होती, त्यामुळं फारशी बिघडायची नाहीत. इंजिनिअर माणूस, हाताशी हत्यारं आणि दिवसभर मोकळा वेळ. योकोई कारखान्यातल्या सामानातून स्वतःच्या करमणुकीसाठी काहीबाही बनवत बसायचे. त्यातच त्यांनी एक लांब होणारा हात बनवला. मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये लिफ्टला जाळीचं दार असतं, जे ओढलं की पसरतं आणि ढकललं की गोळा होतं, तीच युक्ती. हँडल दाबलं की हात सर्रकन पुढं जायचा आणि लांबची वस्तू पकडून आणायचा.

१९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात चक्कर मारायला आले आणि त्यांनी नेमका हा उद्योग बघितला. योकोईंना केबिनमध्ये बोलावणं आलं. कामाच्या वेळेत खेळणी बनवतो म्हणून आता झाडणार, अशीच त्यांची समजूत होती.

यामाउचींना मात्र वेगळीच चिंता होती. पत्त्यांचा धंदा मंदावत चालला होता. त्यांनी टॅक्सी चालवून बघितली, झटपट भात विकून बघितला, काहीच धड जमलं नव्हतं. त्यांनी योकोईंना सांगितलं की हाच हात खेळणं म्हणून बाजारात आणा, नाताळच्या आत. ‘अल्ट्रा हँड’ या नावानं ते खेळणं आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. मशिन दुरुस्त करणाऱ्या माणसाची बदली थेट नवीन खेळणी शोधायच्या कामावर झाली.

पुढची काही वर्षं योकोईंनी एकापेक्षा एक चक्रम वस्तू बनवल्या. घरात क्रिकेट खेळताना काच फुटते हा आपला अनुभव, तसा जपान्यांचा बेसबॉलचा. त्यांच्यासाठी योकोईंनी मऊ चेंडू फेकणारं ‘अल्ट्रा मशिन’ बनवलं. १९६९ मध्ये आला ‘लव्ह टेस्टर’. मुलगा आणि मुलगीनं एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत मशिनचं एकेक टोक पकडायचं आणि काटा सांगणार की प्रेम किती आहे. आत होतं काय? शरीरातून जाणारा बारीकसा करंट मोजायचं साधं मीटर, जे कुठल्याही कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सापडतं. हे सगळं मुलींचा हात धरायला मिळावा म्हणून होतं, हे योकोईंनी नंतर लपवलंही नाही.

पण त्यांचं डोकं कसं चालायचं हे कळायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९७२ ची ‘लेफ्टी आरएक्स’ ही रिमोटची गाडी.

त्या काळात रिमोटची गाडी म्हणजे श्रीमंताघरच्या पोराचं खेळणं. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळा रेडिओ चॅनल लागायचा आणि खर्च वाढत जायचा. योकोईंनी सगळे चॅनल काढून एकच ठेवला. ही गाडी सरळ जायची आणि फक्त डावीकडं वळायची. ऐकायला विनोद वाटतो. पण रेसचा ट्रॅक गोल असतो आणि गोल ट्रॅकवर एकाच बाजूला वळावं लागतं. गाडी स्वस्त झाली आणि शर्यत लावायची मजा होती तशीच राहिली.

या विचाराला योकोईंनी पुढं एक नाव दिलं. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा होतो, सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. सुकलेलं म्हणजे टाकाऊ नाही. जे जुनं झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी माहिती आहेत, जे भरपूर बनतं आणि म्हणून स्वस्त मिळतं असं तंत्रज्ञान. आणि आडवा विचार म्हणजे ते ज्या कामासाठी बनलं ते सोडून भलत्याच कामाला लावायचं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. शेतात पाणी उपसायच्या डिझेल इंजिनावर जुगाडची गाडी पळवणारे लोक आहेत आपण. फरक एवढाच की योकोईंनी याची शिस्त बनवली. वस्तू टिकली पाहिजे, लाखांनी बनली पाहिजे आणि पोराच्या हातातून पडली तरी चालली पाहिजे.

सगळंच चाललं असं मात्र नाही. शार्प कंपनी तेव्हा सोलर सेल विकायला गिऱ्हाईक शोधत होती. योकोईंनी ते सेल प्रकाश ओळखायला वापरले आणि त्यातून प्रकाशाची बंदूक बनवली. खेळणं चाललं. मग त्याच कल्पनेवर बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये मोठी शूटिंग रेंज उभी करायचा प्रयोग झाला. १९७३ साल. नेमका तेलाचा भडका उडाला, जपानची अर्थव्यवस्था गारठली, आलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि निंटेंडो कर्जात बुडाली. ते कर्ज फेडायला काहीतरी मोठं हवं होतं.

ट्रेनमधला माणूस आणि कॅल्क्युलेटर

योकोई एकदा शिंकान्सेन म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेननं चालले होते. समोर एक नोकरदार माणूस बसला होता. कंटाळलेला. हातात कॅल्क्युलेटर घेऊन तो उगाच बटणं दाबत होता. हिशोब वगैरे काही नाही, नुसता टाइमपास.

योकोईंच्या डोक्यात आलं, मोठ्या माणसालाही प्रवासात खेळायला काहीतरी लागतं. फक्त ते लहान हवं, हातात लपणारं हवं, म्हणजे चारचौघांत लाज वाटणार नाही.

आता कल्पना अनेकांना सुचतात. ही अध्यक्षांपर्यंत कशी गेली, तो किस्सा भारी आहे. यामाउचींकडं डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली परदेशी गाडी होती. एक दिवस ड्रायव्हर आजारी पडला. अशी गाडी चालवायची सवय कंपनीत योकोईंना होती, म्हणून त्यांना बोलावलं. मोठा इंजिनिअर असताना ड्रायव्हर म्हणून जायचं काही त्यांना बरं वाटलं नाही. मग निदान कामाचं काही बोलावं म्हणून त्यांनी गाडी चालवता चालवता ही कॅल्क्युलेटरएवढ्या गेमची कल्पना सांगितली. यामाउचींनी हं-हं केलं आणि विषय संपला.

ज्या बैठकीला ते चालले होते तिथं त्यांच्या शेजारी शार्पचे अध्यक्ष बसले होते. आठवडाभरात शार्पची वरिष्ठ मंडळी निंटेंडोत हजर.

शार्पलाही गरज होतीच. कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या जपानी कंपन्यांनी एकमेकांशी झुंजून किमती पार तळाला नेल्या होत्या. एलसीडीचे छोटे स्क्रीन आणि त्यांच्या चिप्स स्वस्त झाल्या होत्या. म्हणजे योकोईंच्या भाषेत, तंत्रज्ञान छान सुकलं होतं.

कॅल्क्युलेटरवरचा आठ हा आकडा नीट बघा. तो सात छोट्या काड्यांचा असतो. काड्या काचेवर आधीच आखलेल्या असतात, हव्या तेवढ्या चालू होतात आणि आकडा दिसतो. योकोईंच्या टीमनं काड्यांच्या जागी माणूस आखला. हात वर केलेला माणूस, हात खाली असलेला माणूस, इथला चेंडू, तिथला चेंडू. सगळी चित्रं काचेवर आधीपासून असायची. ती क्रमानं चालू-बंद केली की माणूस हलल्यासारखा वाटायचा. वर कोपऱ्यात घड्याळ, कारण तसाही स्क्रीनवर आकडे दाखवायला काही खर्च येत नव्हता.

‘गेम अँड वॉच’ मालिकेतला पहिला गेम ‘बॉल’ एप्रिल १९८० मध्ये आला. किंमत ५,८०० येन. पुढच्या अकरा वर्षांत या मालिकेतली ४ कोटी ३४ लाख मशिन्स जगभरात विकली गेली. निंटेंडोचं कर्ज फिटलं. एवढंच नाही, घरच्या टीव्हीला लावायचं मशिन बनवायला लागणारा पैसाही उभा राहिला.

याच मालिकेत १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ आणायचं ठरलं. मूळचा गेम दुकानातल्या मोठ्या मशिनवरचा. तो बनवणारा शिगेरू मियामोतो नावाचा तरुण पोरगा योकोईंच्याच देखरेखीखाली काम करत होता. मोठ्या मशिनला उभी दांडी म्हणजे जॉयस्टिक होती. घडी घालून खिशात ठेवायच्या मशिनला दांडी कशी लावणार? ती बाहेर आली असती, खिशात अडकली असती, तुटली असती. योकोईंनी दांडी काढली आणि अधिकच्या चिन्हासारखं एक चपटं बटण लावलं. चार दिशा, एक बटण, वर न बघता नुसत्या अंगठ्यानं कळणारं.

तुमच्या घरात कुठलाही गेम कंट्रोलर असेल तर डावीकडं बघा, ते बटण किंवा त्याचं भावंड तिथं असेल. हजारो रुपयांच्या स्टीम डेकवरही आहे. निंटेंडोला या बटणासाठी पुढं तंत्रज्ञानाचा एमी पुरस्कार मिळाला. तोवर योकोई हयात नव्हते.

मियामोतोंना त्यांनी नुसतं सांभाळलं नाही, गेममध्येही हात घातला. पुढच्या ‘मारिओ ब्रदर्स’ मध्ये मारिओ कितीही उंचावरून पडला तरी त्याला काही होऊ नये, ही सूचना योकोईंची. मियामोतोंना सुरुवातीला ते पटलं नव्हतं.

हिरवट स्क्रीनचा डबा

गेम अँड वॉचची एक मोठी अडचण होती. एका मशिनमध्ये एकच गेम. चित्रं काचेवरच आखलेली, त्यामुळं बदलायचा प्रश्नच नाही. कंटाळा आला की दुसरं मशिन घ्या. मग खिशातलं असं मशिन बनवायचं ठरलं ज्यात कॅसेट बदलली की गेम बदलेल.

इथं योकोईंचं त्यांच्याच हाताखालच्या साटोरू ओकाडा या इंजिनिअरशी बिनसलं. योकोईंच्या मनात गेम अँड वॉचसारखंच स्वस्त, साधं, काही काळ चालून संपणारं खेळणं होतं. ओकाडांना मात्र टीव्हीवरच्या मशिनसारखं, इतर कंपन्यांनाही ज्यावर गेम बनवता येतील असं खरंखुरं मशिन हवं होतं. वाद झाले. शेवटी योकोई मागं हटले आणि ओकाडांना पाहिजे तसं करू दिलं. गेम बॉयचं सगळं श्रेय एकट्या योकोईंना देण्याची पद्धत आहे, पण ही गोष्ट सोडली तर चित्र अर्धं राहतं.

एका मुद्द्यावर मात्र योकोई हलले नाहीत. स्क्रीन रंगीत असणार नाही.

रंगीत छोटे स्क्रीन तेव्हा मिळत होते. पण ते दिसायला मागून दिवा लागायचा, दिव्याला वीज लागायची आणि विजेला सेल. योकोईंचा स्क्रीन खोलीतल्या किंवा उन्हाच्या उजेडावरच दिसायचा, मनगटी घड्याळासारखा. २.६ इंच, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या फक्त चार छटा. आत शार्पनं बनवलेला ८ बिटचा प्रोसेसर आणि ८ किलोबाइट मेमरी. १९८९ च्या मानानंही हे जुनंच होतं. मशिनचं कामकाजातलं नाव होतं ‘डॉट मॅट्रिक्स गेम’, म्हणजे डीएमजी. कंपनीतलीच माणसं त्याला ‘दामे गेम’ म्हणायची असं सांगतात. जपानीत दामे म्हणजे ज्याच्यात काही राम नाही ते.

त्यात एक भलताच घोटाळा झाला. पहिल्या स्क्रीनचा नमुना यामाउचींना दाखवला, तर त्यांना तो दिसेचना. समोरून बरोबर कोनात धरला तरच दिसायचा. एवढं मोठं काम उभं राहत असताना अध्यक्षांनी विचारलं की जे दिसतच नाही ते विकणार कसं. योकोईंची झोप उडाली. अखेर वेगळ्या जातीचा एलसीडी घेतला, जो तिरका धरला तरी दिसायचा, आणि गाडी रुळावर आली.

२१ एप्रिल १९८९ ला गेम बॉय जपानमध्ये आला. किंमत १२,५०० येन. पहिल्या दोन आठवड्यांत ३ लाख मशिन्स संपली. जुलैच्या शेवटी तो अमेरिकेत ९० डॉलरच्या आत-बाहेर मिळू लागला.

त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ आला. रंगीत स्क्रीन, मागून दिवा, ताकद कितीतरी जास्त, किंमत जवळपास दुप्पट. १९९० मध्ये सेगाचा ‘गेम गिअर’ जपानमध्ये आला, तोही रंगीत. दुकानात तिन्ही शेजारी ठेवले तर गेम बॉयकडं कुणी बघणारही नाही अशी परिस्थिती.

मग घोडं कुठं पेंड खात होतं? सेलमध्ये.

लिंक्स आणि गेम गिअरला सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम गिअरच्या स्क्रीनमागं चक्क छोटी ट्यूबलाइट होती. गेम बॉयला चार सेल लागायचे आणि ते पंधरा तास किंवा त्याहून जास्त चालायचे. आता हे दहा-बारा वर्षांच्या पोराच्या जागी बसून बघा. आईबाप मशिन एकदा घेऊन देतात, सेल दर आठवड्याला देत नाहीत. आजीच्या गावाला जाताना रंगीत मशिन अर्ध्या रस्त्यात बंद पडायचं. हिरवा डबा जाऊन परत यायचा.

याचा अर्थ त्यात दोष नव्हते असं नाही. अंधारात काहीच दिसायचं नाही, म्हणून लोक वर अडकवायचे वेगळे दिवे विकत घ्यायचे. वेगात हलणारी वस्तू स्क्रीनवर फरपटत जायची, तिची सावली मागं राहायची. गेम बनवणाऱ्यांना हे सांभाळूनच गेम बनवावे लागायचे.

आणि असा एक गेम जगात होताच, ज्याला ना रंग लागत होते ना वेग. १९८४ मध्ये मॉस्कोतल्या एका सरकारी कॉम्प्युटर केंद्रात अॅलेक्सी पाजितनोव्ह या संशोधकानं बनवलेला टेट्रिस. हेंक रॉजर्स नावाच्या गेम व्यावसायिकानं निंटेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना पटवून दिलं की मशिनबरोबर मारिओ दिला तर मुलं घेतील, टेट्रिस दिला तर सगळेच घेतील. त्यासाठी रॉजर्स मॉस्कोला जाऊन हक्कही घेऊन आले. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात टेट्रिस टाकला गेला आणि ऑफिसला जाणारी मोठी माणसं ट्रेनमध्ये ठोकळे रचू लागली. ट्रेनमध्ये कंटाळलेला जो माणूस योकोईंनी पाहिला होता, त्याच्यापर्यंत गेम बॉय असा पोचला.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात लहान असलेल्यांना गेम बॉय फारसा माहिती नसेल, पण ‘ब्रिक गेम’ पक्का माहिती असेल. जत्रेत, खेळण्याच्या दुकानात मिळायचा तो. खोक्यावर ९९९९ गेम लिहिलेलं असायचं आणि आत मोजून चार-पाच. ते ठोकळे टेट्रिसचे होते, आणि चौकोन काचेवर आधीच आखून चालू-बंद करायची युक्ती गेम अँड वॉचवालीच. निंटेंडोचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

गेम बॉय किती दणकट होता? आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेम बॉय निंटेंडोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात अनेक वर्षं काचेत ठेवलेला होता. वरचं प्लास्टिक वितळलेलं, पण स्क्रीनवर टेट्रिस चालू. १९९३ मध्ये अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह हा रशियन अंतराळवीर आपला गेम बॉय मीर अंतराळ स्थानकावर घेऊन गेला होता.

नंतर आलेल्या रंगीत गेम बॉयसकट एकूण विक्री ११ कोटी ८६ लाखांच्या पुढं गेली. गेम गिअर सुमारे १ कोटीवर थांबला. लिंक्स तर तेवढाही नाही.

मग लाल रंग आला

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या कंपनीनं एक स्क्रीन बनवला. लाल एलईडींची एक ओळ आणि वेगानं हलणारा आरसा, त्यातून डोळ्यासमोर अख्खं चित्र. दोन्ही डोळ्यांना थोडं वेगळं चित्र दाखवलं की खोली दिसणार, म्हणजे थ्रीडी. योकोई या कल्पनेच्या प्रेमात पडले. लालच का? कारण तेव्हा लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खायचे. म्हणजे पुन्हा तेच जुनं सूत्र.

पण या वेळी सूत्र चुकलं. डोक्यावर घालायचं म्हणून सुरू झालेलं यंत्र सुरक्षेच्या शंकांमुळं टेबलावरच्या स्टँडवर गेलं. खेळणाऱ्यानं मान वाकवून त्यात डोळे घालून बसायचं. खिशात मावत नाही आणि टीव्हीलाही लागत नाही, शेजारी बसलेल्याला काय चाललंय ते दिसत नाही. वर लाल-काळं चित्र बघून लोकांची डोकी दुखू लागली. १९९५ च्या उन्हाळ्यात जपान आणि अमेरिकेत आलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ वर्षभरही टिकला नाही. ७ लाख ७० हजार मशिन्स विकली गेली. त्याच्यासाठी एकूण २२ गेम आले आणि दुकान बंद.

लेफ्टी आरएक्समध्ये योकोईंनी जे काढून टाकलं होतं, त्याची खेळणाऱ्याला गरजच नव्हती. गेम बॉयमधून रंग काढले, तर बदल्यात पंधरा तास दिले. व्हर्च्युअल बॉयमध्ये रंग गेले, खिसा गेला, मित्राबरोबर बसणं गेलं आणि बदल्यात जे मिळालं ते बघताना डोकं दुखायचं. स्वस्त सामान तेच होतं, देवाणघेवाण फसली होती.

निंटेंडोसारख्या कंपनीत एवढं मोठं अपयश आलेल्या माणसाकडं कसं बघितलं गेलं याच्या बऱ्याच कहाण्या सांगितल्या जातात. १५ ऑगस्ट १९९६ ला योकोईंनी ३१ वर्षांची नोकरी सोडली, तेव्हा व्हर्च्युअल बॉयमुळंच त्यांना जावं लागलं असं सगळे म्हणू लागले. योकोईंनी स्वतः ते नाकारलं. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तारखा बघितल्या तर त्यांचं म्हणणं पटतं. जाण्याआधी, जुलै १९९६ मध्ये, त्यांच्या विभागानं ‘गेम बॉय पॉकेट’ बाजारात आणला. लहान, हलका, स्क्रीन स्वच्छ आणि चारच्या जागी दोन बारीक सेल. अपयशानंतर हात हलवत निघून जायचं नाही म्हणून ते थांबले असावेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत साटोशी टाजिरी यांचा पोकेमॉन आला होता. दोन गेम बॉय वायरनं जोडता येतात हे बघून, त्या वायरीतून किडे एका मशिनमधून दुसऱ्यात सरपटत जातायत अशी कल्पना टाजिरींना सुचली होती. सात वर्षं जुना, हिरवा डबा पुन्हा विकायला लागला.

निंटेंडो सोडल्यावर महिन्याभरात योकोईंनी क्योटोतच ‘कोटो’ नावाची छोटी कंपनी काढली. बांदाई या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीसाठी खिशातलं नवीन मशिन बनवायचं काम हाती घेतलं. म्हणजे थेट गेम बॉयलाच टक्कर.

४ ऑक्टोबर १९९७ ला ते एका परिचितासोबत गाडीनं इशिकावा प्रांतातून होकुरिकू एक्स्प्रेस वेवर चालले होते. गाडीची किरकोळ धडक झाली. किती लागलंय ते बघायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या गाडीनं त्यांना उडवलं. ते ५६ वर्षांचे होते.

सहा वर्षांनी, २००३ मध्ये, गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

बांदाईचं मशिन मार्च १९९९ मध्ये जपानमध्ये आलं. नाव ‘वंडरस्वान’, किंमत ४,८०० येन. स्क्रीन रंगीत नव्हता. गेम बॉयला चार सेल लागायचे, पॉकेटला दोन. याला एकच पेन्सिल सेल लागायचा आणि तो ३० तासांच्या पुढं चालायचा. मशिनबरोबर पहिल्याच दिवशी रेषा जोडायच्या कोड्याचा एक गेम विक्रीला आला होता, ज्याच्यावर योकोईंनी काम केलं होतं. त्याचं नाव ठेवलं होतं ‘गुनपेई’.